उपवासाने शांती येते काय?



हा लेख मी माझ्या आईच्या एका प्रश्नासाठी लिहीत आहे. तिला मी तेव्हा जे उत्तर दिले ते अपुरे होते. पुढे विचार करता ध्यानात आले की हा प्रश्न आमच्या एकट्या घरातला नाही. ज्या ज्या घरात नुकतीच धम्मदीक्षा झाली आहे, त्या त्या घरात कोणीतरी तो मनात धरून बसलेले असते. बहुधा ती घरातील आई किंवा आजी असते.

आमच्या घराने दीक्षा घेतली तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. त्यापूर्वी आई संकष्टी करी, शनिवार करी, नवरात्रात नऊ दिवस एका वेळच्या भगरीवर राहून दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाई. मी लहानपणी तापाने फणफणलो तेव्हा तिने माझ्यासाठी सोमवार बोलले होते आणि ते कित्येक वर्षे पाळले. दीक्षेनंतर देव्हाऱ्यातील टाक तिने स्वतःच्या हाताने फडक्यात बांधले आणि सगळे उपवास सोडून दिले. एकदाही कुरकुर केली नाही. तिला अक्षरओळख नाही, पण बावीस प्रतिज्ञा तिला ऐकून ऐकून पाठ झाल्या आहेत.

मी ज्या शाळेत शिकवितो तेथे एक ख्रिस्ती बाई आहेत. आमच्या जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, ख्रिस्ती घरे नवीन नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गावकुसाबाहेरच्या आपल्याच माणसांतील पुष्कळजण मिशनच्या आश्रयाला गेले. बाईंचे पणजोबा त्यांपैकी एक. २७ ऑक्टोबर २०२३ हा शुक्रवार होता. मधल्या सुट्टीत आम्ही सारे जेवायला बसलो, पण बाईंनी डबा उघडला नाही. त्या दिवशी पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या आपल्या अनुयायांना शांतीसाठी उपवास आणि प्रार्थना करावयास सांगितले होते. ७ ऑक्टोबरला हमासने इस्रायलमध्ये शिरून हत्याकांड केले होते, आणि त्यानंतर गाझावर बाँब पडू लागले होते. रोज वर्तमानपत्रांत ढिगाऱ्याखालून काढलेल्या लहान मुलांची छायाचित्रे येत होती.

मी तीन दिवसांपूर्वीच, अशोक विजयादशमीला, दीक्षाभूमीवर जाऊन आलो होतो. अंगात तो उत्साह होता. मी बोलून गेलो, "बाई, तुम्ही डबा खाल्ला नाही म्हणून विमान माघारी फिरणार आहे काय?" दोघे-तिघे हसले. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ते मला नाही सांगता येणार, सर. पण डबा खाल्ला असता तर आज ती लेकरं माझ्या ध्यानातही आली नसती."

संध्याकाळी मी ही गोष्ट घरी सांगितली, आणि खरे सांगायचे तर थोड्या कौतुकानेच सांगितली. आई भाकरी थापत होती. तिने हात थांबविला नाही. म्हणाली, "आरं, मग तिचा उपास चांगला, अन् माझा तेवढा खुळा व्हय? म्या बी तुझ्यासाठीच धरीत व्हते."

मी म्हणालो, "आई, तुझा देवासाठी होता." ती काही बोलली नाही. पण बाईंचा उपवास तरी देवासाठी नव्हता काय? मग आईच्या उपवासाला मी रूढी म्हणावे आणि पोपच्या उपवासाला शांतिकार्य म्हणावे, हा कोणता न्याय? मोठ्या माणसाने केले, दूर देशात केले, वर्तमानपत्रात छापून आले, एवढ्याने एखादी गोष्ट विवेकाची ठरते काय? आपण ज्या बुद्धिवादाचा अभिमान धरतो तो आपल्या आयांपुरताच वापरायचा काय?

तेव्हा प्रथम ह्या सार्वजनिक उपवासांचाच हिशेब मांडू.

ही प्रथा आजची नाही. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी इटलीतील असिसी ह्या गावी निरनिराळ्या धर्मांच्या प्रमुखांना बोलाविले होते. दलाई लामाही गेले होते. त्या दिवशी सर्वांनी उपवास केला, आपापल्या पद्धतीने प्रार्थना केल्या, आणि जगात जेथे जेथे लढाई चालू होती तेथे एक दिवस तरी शस्त्रे खाली ठेवावीत असे आवाहन करण्यात आले. इराकवरील हल्ल्याच्या तोंडावर, ५ मार्च २००३ रोजी, ह्याच पोपनी पुन्हा उपवासाचा दिवस पाळावयास सांगितले. दोनच आठवड्यांनी हल्ला झाला. पोप फ्रान्सिस यांनी तर हा मार्ग वारंवार वापरला, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर आलेले पोप लिओ चौदावे यांनीही २२ ऑगस्ट २०२५ हा दिवस ह्याच कामासाठी दिला.

ह्या सर्वांत ज्याचा दाखला श्रद्धावान लोक आवर्जून देतात तो ७ सप्टेंबर २०१३ चा. सीरियात दोन वर्षे यादवी चालली होती. २१ ऑगस्टला दमास्कसजवळच्या घूता भागात विषारी वायूचा मारा झाला आणि शेकडो माणसे, त्यांत कितीतरी मुले, अंथरुणातच मेली. अमेरिका आणि फ्रान्स सीरियावर हल्ला करण्याच्या तयारीत होते. पोप फ्रान्सिस यांनी १ सप्टेंबरला उपवासाची घोषणा केली. ठरल्या दिवशी रोममधील सेंट पीटरच्या चौकात संध्याकाळी सात वाजल्यापासून अकरा वाजेपर्यंत सुमारे लाखभर माणसे बसून होती. आणि हल्ला झाला नाही!

वाचकहो, येथे घाई करू नका. आपण कार्यकारणभाव मानणारे आहोत. हल्ला झाला नाही हे खरे, पण तो का झाला नाही? २९ ऑगस्टलाच ब्रिटिश पार्लमेंटने २८५ विरुद्ध २७२ मतांनी लढाईत पडण्याचे नाकारले होते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी प्रश्न आपल्या काँग्रेसपुढे नेला होता आणि तेथे मते मिळण्याची खात्री नव्हती. ९ सप्टेंबरला रशियाने तोडगा काढला की सीरियाने आपली रासायनिक अस्त्रे आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली द्यावीत, आणि १४ तारखेला तसा करार झाला. आता ह्यात प्रार्थनेचा वाटा किती? पोपनी रशियाच्या राष्ट्राध्यक्षांना जी-२० परिषदेच्या वेळी पत्र लिहिले होते, त्या पत्राचा काही वाटा असेल. लाख माणसे एका चौकात जमली हे सत्ताधाऱ्यांनी पाहिले, त्याचाही थोडा असेल. परंतु हे दोन्ही माणसांनी माणसांवर केलेले परिणाम आहेत. आकाशातून कोणी उतरले नाही. आणि सीरियाचे युद्ध तर थांबलेच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२२ साली दिलेल्या अंदाजानुसार पहिल्या दहा वर्षांत तीन लाखांहून अधिक सामान्य नागरिक मारले गेले. असदची राजवट पडली ती डिसेंबर २०२४ मध्ये, तीही शस्त्रानेच.

तथागतांपुढे हा प्रश्न एकदा सरळच आला होता. संयुत्त निकायात ती कथा आहे. नालंदेच्या आम्रवनात एका गावप्रमुखाने त्यांना विचारले की पश्चिमेकडचे ब्राह्मण मंत्र म्हणून मेलेल्या माणसाला स्वर्गात पोचवितात, आपण सम्यक् संबुद्ध आहात, मग आपण साऱ्या जगालाच का पोचवीत नाही? तथागतांनी त्यालाच उलट विचारले: एखाद्याने मोठा धोंडा खोल डोहात टाकला आणि गावच्या गाव काठावर जमून हात जोडून "वर ये, धोंड्या, वर ये" असे म्हणू लागले, तर तो वर येईल काय? गावप्रमुख नाही म्हणाला. नाही म्हणण्याखेरीज त्याला मार्गच नव्हता.

युद्ध हा असा धोंडा आहे. तो कोणाच्या तरी हाताने डोहात पडलेला असतो. तो काढायचा तर कोणाला तरी दोर घेऊन पाण्यात उतरावे लागेल.

शिवाय प्रार्थना दोन्ही काठांवरून होते, ह्याचे काय करावयाचे? २ मार्च २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी युक्रेनसाठी उपवास सांगितला. त्याच ख्रिस्ताचे नाव घेणारे मॉस्कोचे धर्मप्रमुख किरिल यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रवचनात सांगितले की सैनिकी कर्तव्य बजावताना जो मरतो त्याची सारी पापे धुतली जातात. दोघांचा देव एक, ग्रंथ एक. त्या देवाने ऐकावे कोणाचे? अडचण एका ख्रिस्ती धर्माची नाही. जेथे जेथे न्याय वरच्याच्या हाती सोपविला जातो तेथे तेथे ती आहे. आपल्या पूर्वजांनी पंढरीच्या विठोबापुढे काय थोडी प्रार्थना केली? चोखोबा पायरीशीच राहिले.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल की झाले, प्रश्न मिटला, मास्तरांनी बाईंना जे विचारले ते बरोबरच होते. मलाही तसेच वाटत होते. पण मी बाईंना दुसऱ्या दिवशी विचारले की तुमच्या ग्रंथात उपवासाविषयी काय आहे, आणि त्यांनी शोधून दिलेली पाने वाचून मी थोडा वरमलो.

जुन्या करारात यशया नावाच्या संदेष्ट्याचे प्रकरण आहे, अठ्ठावन्नावे. लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपवास करतो तो तुला दिसत नाही काय? त्यांना उत्तर मिळते ते असे: उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपल्या मजुरांना राबविता, आपसांत भांडता, मग हा कसला उपवास? खरा उपवास म्हणजे जुलमाचे जू मोडणे, भुकेल्याला आपल्यातली भाकरी देणे, उघड्याला पांघरूण घालणे. आणि येशूने तर आपल्या शिष्यांना बजाविले होते की उपवास करताना तोंड उतरवून लोकांत मिरवू नका, प्रार्थना करायची तर दार लावून करा. म्हणजे सार्वजनिक उपवासावरील सर्वांत कडक टीका त्यांच्याच घरात लिहून ठेवलेली आहे. ती टीका वाचूनही जी माणसे उपवासाला बसतात, त्यांतील काहींना तरी ह्या धोक्याची जाण असणार.

ती जाण असलेल्या बायांची एक हकीकत आहे. आफ्रिकेत लायबेरिया नावाचा लहानसा देश आहे. तेथे राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांचे सैन्य आणि बंडखोर ह्यांच्यात युद्ध चालले होते. दोन्हीकडून लहान लहान पोरांच्या हाती बंदुका दिल्या जात होत्या. खेडी ओस पडली होती, बायकांवर अत्याचार होत होते. २००३ साली लेमा ग्बोवी नावाच्या, लुथेरन पंथाच्या चर्चमधून काम करणाऱ्या एका तरुण बाईने ख्रिस्ती बायकांना प्रार्थनेसाठी गोळा केले. थोड्याच दिवसांत मुसलमान बाया त्यांना येऊन मिळाल्या. पांढरे कपडे घालून ह्या बाया राजधानी मोनरोव्हियात मासळीबाजाराजवळच्या मैदानावर रोज बसू लागल्या. राष्ट्राध्यक्षांची गाडी ज्या रस्त्याने जाई त्याच रस्त्याच्या कडेला हे मैदान होते. त्या उन्हात बसल्या, पावसात बसल्या, उपवास केले, आपापल्या प्रार्थना म्हटल्या. शेवटी टेलर यांना त्यांची भेट घ्यावी लागली. शांततेची बोलणी घानाची राजधानी अक्रा येथे सुरू झाली तेव्हा त्यांतील काही तेथेही गेल्या. बोलणी रेंगाळली. पुढारी चांगल्या हॉटेलात राहात होते आणि मागे माणसे मरत होती. जुलै महिन्यात एके दिवशी ह्या बाया सभागृहाच्या दारात हातात हात अडकवून बसल्या आणि तोडगा निघेपर्यंत आतल्या कोणालाही बाहेर पडू देणार नाही म्हणाल्या. १८ ऑगस्ट २००३ रोजी करार झाला. ग्बोवी यांना २०११ साली शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

येथेही हिशेब चोख ठेवू. बंडखोर राजधानीच्या वेशीपर्यंत आले होते, शेजारच्या राष्ट्रांचे सैन्य उतरले होते, टेलर यांच्यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयात आरोप ठेवले गेले होते. सारे श्रेय बायकांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु त्यांच्या प्रार्थनेत आणि सेंट पीटरच्या चौकातील प्रार्थनेत मला जो फरक दिसतो तो सांगतो. ह्या बायांची स्वतःची मुले मरत होती. त्यांना माहीत होते की जुलूम कोण करतो आहे, आणि त्या नेमक्या त्याच्याच वाटेत जाऊन बसल्या. उपवास करून त्या घरी परतल्या नाहीत. त्यांच्या देवाने काय ऐकले ते त्यांना ठाऊक, पण त्यांनी एकमेकींचे ऐकले, आणि ख्रिस्ती व मुसलमान ही फूट त्या मैदानावर तरी राहिली नाही.

त्याच्या उलट दक्षिण सुदान पाहा. साल्वा कीर आणि रिएक माचार हे दोन नेते, दोघेही ख्रिस्ती. २०१३ पासून त्यांच्या भांडणात देश होरपळला. पोप फ्रान्सिस यांनी २३ फेब्रुवारी २०१८ चा उपवास कांगो आणि दक्षिण सुदानसाठी ठेवला होता. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी ह्या नेत्यांना रोमला बोलाविले, दोन दिवस चिंतनाला बसविले, आणि शेवटी ह्या ८२ वर्षांच्या म्हाताऱ्याने, पायदुखीचा त्रास असताना, खाली वाकून त्यांच्या बुटांचे चुंबन घेतले. ते चित्र पाहून मलाही भरून आले होते. २०२० मध्ये दोघांचे एकत्र सरकार आले. मार्च २०२५ मध्ये माचार पुन्हा नजरकैदेत गेले. पाया पडून जे मन वितळते ते खुर्ची दिसताच पुन्हा घट्ट होते, दुसरे काय? तरी इतके म्हणेन की जगातील एवढ्या मोठ्या धर्मपीठावरच्या माणसाने गुन्हेगारांपुढे स्वतः वाकावे, ह्यात मिरविणे नव्हते.

आता एक गोष्ट आपल्या घरातली. उपवास म्हटला की आंबेडकरी माणसाच्या मनात येरवडा येतोच, आणि आलाच पाहिजे. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत झगडून मिळविलेला हा हक्क होता. २० सप्टेंबरला गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात त्याविरुद्ध प्राणांतिक उपोषण मांडले. सारा देश त्या खाटेभोवती गोळा झाला. देवळांतून प्रार्थना झाल्या. आणि सारा भार आला एका माणसावर, बाबासाहेबांवर. गांधीजींचे काही बरेवाईट झाले असते तर खेड्यापाड्यांतल्या आपल्या निराधार वस्त्यांचे काय झाले असते, ह्याचा विचार त्यांना करावा लागला. २४ सप्टेंबरला पुणे करारावर सही झाली आणि स्वतंत्र मतदारसंघ गेले. तोही उपवासच होता, त्यालाही आत्मशुद्धी म्हटले गेले. पण तो ज्यांच्या विरुद्ध केला गेला ती माणसे देशातील सर्वांत दुबळी होती.

म्हणून कोणी उपवासाला बसला की आपण आधी विचारले पाहिजे: कशाविरुद्ध? त्याचे ओझे कोणाच्या पाठीवर पडणार? लायबेरियाच्या बायांनी ते बंदूकवाल्याच्या दारात नेऊन ठेवले. येरवड्यात ते आपल्या पाठीवर पडले. माझ्या आईने ते फक्त स्वतःच्या पोटावर घेतले होते. आईच्या उपवासात दुसऱ्या कोणाचे काही हिरावले गेले नाही, हे मला तिला त्या संध्याकाळी सांगता आले असते. मी सांगितले नाही.

पण तिचा उपवास सुटला हे बरेच झाले, हेही मी सांगेन, आणि का ते माता-भगिनींनी नीट ऐकावे. माझा ताप उतरला तो सरकारी दवाखान्यातल्या इंजेक्शनाने. आईला मात्र वर्षानुवर्षे वाटत राहिले की तो सोमवारांनी उतरला आणि सोमवार चुकला तर पोराला काहीतरी होईल. म्हणजे उपवासाने तिला धीर दिला नाही, भीती दिली. देवाशी केलेल्या सौद्यात माणूस नेहमी कर्जातच असतो. ती भीती घालविण्यासाठी प्रतिज्ञा आहेत. पोटाला विश्रांती द्यायला त्यांनी कोठे बंदी केलेली नाही.

आपल्या धम्मात तर उपोसथ आहेच. अष्टमीला, पौर्णिमेला उपासक आठ शीले घेतात, दुपारनंतर जेवत नाहीत. पण हा उपोसथ आला कोठून, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? विनयपिटकात त्याची हकीकत आहे. मगधाचा राजा बिंबिसार याच्या मनात आले की इतर पंथांचे परिव्राजक ठरावीक तिथींना एकत्र जमतात, धर्म सांगतात आणि लोक ऐकायला जातात, तर आपल्या भिक्खूंनीही तसे का करू नये? त्याने हे तथागतांना सांगितले आणि तथागतांनी ते मान्य केले. दुसऱ्याची रीत म्हणून नाकारली नाही आणि दुसऱ्याची रीत म्हणून डोळे मिटून घेतलीही नाही. भिक्खू प्रथम नुसतेच मुक्याने बसून राहू लागले तेव्हा लोकांनी नावे ठेविली, मग तेथे धम्म सांगावयाचा असे ठरले. पुढे तोच दिवस भिक्खूंनी आपले दोष उघड करण्याचा ठरविण्यात आला. म्हणजे पोट रिकामे ठेवायचे ते देवाला दाखविण्यासाठी नव्हे. ज्यांच्याशी आपण चुकलो त्यांच्यासमोर तोंड उघडता यावे म्हणून तो दिवस.

आणि शांतीसाठी काय करावे, ह्याचाही दाखला आपल्याजवळ आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले आहे ते आठवा. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय ह्यांच्यात मारामारी झाली. शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने तेथे प्रार्थना सुचविली नाही. उभे राहून विरोध केला आणि तोडगा मांडला: दोन माणसे आपण निवडू, दोन कोलियांनी निवडावीत, ह्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा. ठराव पडला. लढायला जाणार नाही म्हटल्यावर शिक्षा आली, आणि त्याने घर सोडणे पत्करले. शांतीची किंमत त्याने आपल्या संसाराने चुकविली. एका दिवसाच्या जेवणापेक्षा ती फार मोठी होती.

हे सारे मला पाठ होते. वर्गात मी ते सांगतो. आता जे सांगायचे राहिले आहे ते सांगतो.

त्या वर्षी नागपूरला जाण्यासाठी आमच्या वस्तीने गाडी केली होती. वर्गणीचा हिशेब आणि पुढच्या जागा ह्यांवरून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दोन भावक्यांत बाचाबाची झाली. दोन्ही घरे बौद्ध, दोन्ही घरांच्या दारावर पंचशीलाचा झेंडा. एकाचा सतरा वर्षांचा मुलगा मध्ये पडला, त्याच्या डोक्यात दगड बसला, पाच टाके पडले. गाडी मात्र ठरल्या वेळी सुटली आणि मी तिच्यात होतो. परत आल्यावर विहारात आम्ही वंदना घेतली, मैत्रीभावना केली, साऱ्या प्राणिमात्रांचे भले चिंतले. डोळे मिटून सर्व दिशांना मैत्री पाठविली. त्या मुलाचे घर विहारापासून वीस पावलांवर आहे. मी गेलो नाही. कोणीच गेले नाही, कारण एकाकडे गेले तर दुसरा रागावेल.

गाझाच्या मुलांसाठी डबा न उघडणाऱ्या बाईंना विमानाचा हिशेब विचारणारा मी तो हाच!

दुसऱ्या दिवशी, २८ तारखेला, आश्विन पौर्णिमा होती. वर्षावासाची समाप्ती. सकाळी आईने लवकर स्वयंपाक उरकला, अकराच्या सुमाराला जेवली आणि ताट धुऊन म्हणाली, "आता म्या रातच्यालाबी जेवायची न्हाई. देवासाठी न्हाई, उगं तोंड वाकडं करू नको." मग पदर सारखा करून उभी राहिली आणि म्हणाली, "चल, त्या पोराला बघून येऊ."

आम्ही प्रथम मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा टाकला. आईने तो घेतला, दूध न घालता. मुलगा पट्टी बांधून कॉटवर बसला होता, तो माझ्याशी बोलला नाही. तेथून उठून आई दगड मारणाऱ्याच्या घरी निघाली. मी म्हणालो, आज नको, लोक बघतात. ती थांबली नाही. तेथे दार उघडले ते घरधन्याने, आणि तो आम्हांला म्हणाला, "तुम्ही आधी तिकडं जाऊन आलात, मला कळलं." आई म्हणाली, "व्हय, जाऊन आले. आता हितं आले." तो उंबऱ्यातच उभा राहिला. आम्हीही अंगणात उभे राहिलो. बऱ्याच वेळाने आतून त्याच्या बायकोने सतरंजी आणून ओट्यावर टाकली.